वर्षाची वर्गणी, वर्षभराचा वैद्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी दानाची चार अंगे या सभागृहातील प्रत्येकाला लहानपणापासून परिचित आहेत. त्यांपैकी औषधदानाच्या प्रेरणेतून गावोगावी धर्मार्थ दवाखाने उभे राहिले आणि असंख्य गोरगरिबांचे अश्रू पुसले गेले. आजच्या विवेचनाचा विषय या परंपरेला लागूनच आहे, परंतु तिच्याहून थोडा निराळाही आहे. आजारी पडल्यानंतर प्रत्येक भेटीची फी मोजण्याऐवजी, निरोगी असतानाच ठरावीक वर्गणी भरून वर्षभराच्या प्राथमिक उपचारांचा हक्क मिळविणे, अशी ही व्यवस्था आहे. तीत रुग्ण हा गिऱ्हाईक नसतो आणि याचकही नसतो. तो सभासद असतो. या एका शब्दाने डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नात्यात काय फरक पडतो, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

आजार लहान असतो तेव्हा

इतवारीतील एखाद्या पेढीवर हिशेब लिहिणारा पन्नाशीचा मुनीम डोळ्यांसमोर आणावा. सकाळी डोके जड होते, जिना चढताना धाप लागते. घरात कोणीतरी म्हणते, 'एकदा डॉक्टरांना दाखवून या.' परंतु तपासणीची फी, रक्त-लघवीच्या चाचण्या, औषधे आणि बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी असा हिशेब त्याच्या मनात क्षणात होतो, कारण हिशेब हाच त्याचा व्यवसाय असतो. 'पुढच्या महिन्यात बघू,' असे तो म्हणतो. पुढचा महिना येतो आणि जातो. रक्तदाब मात्र थांबत नाही. एके दिवशी शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि ज्या कुटुंबाने काहीशे रुपये वाचविले, त्याच कुटुंबाला धंतोलीच्या एखाद्या रुग्णालयात लाखांचे बिल भरावे लागते.

या काल्पनिक मुनिमासारखी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात सापडतात. रक्तदाब, मधुमेह, दमा, रक्तक्षय हे आजार आरडाओरडा करीत येत नाहीत. त्यांना मोठी शस्त्रक्रिया नको असते. त्यांना हवी असते नियमित तपासणी, स्वस्त गोळी आणि विचारपूस करणारा एक माणूस. परंतु नेमक्या याच टप्प्यावर रुग्णाचा हात खिशाकडे जातो आणि तो मागे फिरतो.

गेल्या काही वर्षांत शासनाने मोठ्या आजारांसाठी भरीव तरतूद केली आहे. २०१२ साली महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाऊ लागली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आली व तिने पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्वच नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, तिच्यात प्रवेश मिळाला. या योजनांचे मोल थोर आहे. परंतु त्यांचा मुख्य भर रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांवर आहे. पक्षाघात झाल्यावर दार उघडते. पक्षाघात होऊ नये म्हणून रोज घ्यावयाच्या गोळीसाठी आणि दर महिन्याच्या तपासणीसाठी ते दार बहुधा बंदच असते. सरकारी दवाखाने, 'मेडिकल' आणि 'मेयो' यांची बाह्यरुग्ण सेवा आहे, परंतु तेथील गर्दीत दर वेळी निराळ्या डॉक्टरांसमोर उभे राहावे लागते. एकाच वैद्याने एका माणसाला वर्षानुवर्षे ओळखावे, ही गोष्ट तेथे घडणे कठीण.

बलुते आणि पॅनेल

वर्गणी आधी आणि सेवा वर्षभर, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. गावगाड्यात सुतार, लोहार, न्हावी, परीट यांना कामागणिक पैसे दिले जात नसत. खळ्यावर रास पडली की बलुतेदाराचा वाटा बाजूला काढला जाई आणि त्या बदल्यात वर्षभर नांगराचा फाळ, मोटेचे चाक, डोईची हजामत यांची चिंता शेतकऱ्याला उरत नसे. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, अन्याय होता, आणि ती गेली याबद्दल दुःख करण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील आर्थिक तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. पीक हातात असताना माणूस देऊ शकतो. अडचण येते तेव्हा त्याचा हात बहुधा रिकामा असतो.

युरोपातील औद्योगिक वस्त्यांतही हेच तत्त्व वेगळ्या वेषात अवतरले. वेल्समधील ट्रेडेगर या खाणकामगारांच्या गावात मजुरीतून ठरावीक कपात करून कामगारांनी स्वतःची वैद्यकीय साहाय्य संस्था चालविली. तिने डॉक्टर नेमले, दवाखाना उभारला. 'द सिटाडेल' या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या गाजलेल्या कादंबरीचे लेखक ए. जे. क्रोनिन यांनी त्याच गावात डॉक्टर म्हणून काम केले होते. त्याच गावात जन्मलेले अन्युरिन बेव्हन पुढे ब्रिटनचे आरोग्यमंत्री झाले आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आजही तेथे प्रत्येक नागरिक एका दवाखान्याच्या यादीत नोंदलेला असतो आणि त्या दवाखान्याला मुख्यतः नोंदलेल्या माणसांच्या संख्येनुसार पैसे मिळतात. रुग्ण किती वेळा आला यावर सारा हिशेब अवलंबून नसतो.

आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा योजना हे याच जातीचे उदाहरण. तिचा कायदा १९४८ चा. महाराष्ट्रात ती प्रथम नागपुरात, जुलै १९५४ मध्ये लागू झाली, ही बाब नागपूरकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. गिरणी-कारखान्यांतील कामगाराच्या वेतनातून अल्प रक्कम कापावयाची, मालकाने त्याहून मोठी भर घालावयाची आणि कामगाराला कुटुंबासह उपचार द्यावयाचे, असे तिचे स्वरूप. जुलै २०१९ मध्ये ठरविलेल्या दरांनुसार कामगाराचा वाटा वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के होता. या योजनेत महाराष्ट्रातील मुंबईसारख्या शहरांत 'पॅनेल डॉक्टर' ही पद्धतही चालली. खाजगी डॉक्टरकडे ठरावीक कामगारांची नोंद व्हावयाची आणि डोईमागे त्यांना मोबदला मिळावयाचा.

केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५४ साली दिल्लीत सुरू झालेली आणि पुढे नागपुरातही आलेली केंद्रीय आरोग्य योजनाही मासिक वर्गणीवर चालते. फेब्रुवारी २०१७ पासून तिची वर्गणी वेतनश्रेणीनुसार दरमहा २५० ते १००० रुपये अशी ठरली. निवृत्त कर्मचाऱ्याने दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली की त्याला आजीवन सेवा मिळते. नागपुरातील अनेक निवृत्त गृहस्थ ठरलेल्या दिवशी आपल्या दवाखान्यात जाऊन महिन्याची औषधे घेऊन येतात, तेव्हा ते सभासदत्वाच्या व्यवस्थेचाच लाभ घेत असतात. परंतु ज्याला सरकारी नोकरी नाही आणि कारखान्याचे हजेरीपत्रकही नाही, अशा दुकानातील नोकराने, शिवणकाम करणाऱ्या भगिनीने, छोट्या व्यापाऱ्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर शोधले गेले.

सेवाग्रामची जवारी

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना केली. कस्तुरबा रुग्णालय हे तिचे रुग्णालय. खेड्याच्या कुशीत वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, तरी एक प्रश्न सुटला नव्हता. रुग्णालय गावाजवळ आले, पण गाव रुग्णालयाजवळ आले काय? १९७० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेतील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले आणि त्यांच्या कामातून जी योजना आकाराला आली, ती 'जवारी योजना' म्हणून ओळखली जाते.

योजनेची रीत साधी होती. सुगीच्या दिवसांत, जवारीचे पीक घरात येते तेव्हा, प्रत्येक कुटुंबाने ठरावीक पायल्या धान्य आरोग्यनिधीत टाकावयाचे. भूमिहीन मजुराने थोडे द्यावयाचे आणि ज्याच्याकडे जमीन आहे त्याने एकरांच्या प्रमाणात अधिक द्यावयाचे. उपचार मात्र सर्वांना सारखे. ज्याची जशी कुवत तसे त्याने द्यावे आणि ज्याची जशी गरज तसे त्याला मिळावे, हे सूत्र भाषणांतून अनेकदा ऐकावयास मिळते; सेवाग्रामच्या परिसरात ते पायलीने मोजले गेले.

या धान्याच्या बदल्यात गावाला काय मिळाले? गावातच राहणारा आरोग्यसेवक, त्याच्याजवळ साध्या आजारांची औषधे, रुग्णालयाच्या पथकाच्या नियमित भेटी, लसीकरण आणि गर्भवतींची तपासणी. त्यापुढे रुग्णालयात जाण्याची वेळ आली तर अचानक उद्भवलेल्या आजारात सभासदाला मोफत उपचार. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या ज्या उपचारांची वेळ आधी ठरविता येते, त्यांसाठी मात्र रुग्णाने खर्चाचा काही वाटा उचलावयाचा. हा भेद मोठा विचारपूर्वक केलेला होता. सर्पदंश किंवा अडलेले बाळंतपण कोणी ठरवून आणत नाही. मोतीबिंदूसाठी मात्र चार महिने पैसे साठविता येतात.

आणखी एक अट अशी होती की, गावातील सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबे सामील झाली तरच त्या गावात योजना सुरू व्हावयाची. वरवर पाहता ही अट कठोर वाटते. उरलेल्या पाव गावाच्या हट्टापायी गरजूंना का थांबवावे? परंतु या अटीत साऱ्या योजनेचा प्राण होता. ती अट नसती तर ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे तेवढेच लोक धान्य घेऊन आले असते. निरोगी माणूस घरी बसला असता, निधी पहिल्याच वर्षी आटला असता आणि पुढच्या वर्षी वर्गणी वाढवावी लागली असती. वर्गणी वाढली की थोडे बरे असलेले लोकही बाहेर पडतात. या चक्रात जगातील कितीतरी योजना बुडाल्या. गावाने एकत्र यावे लागे, चर्चा करावी लागे आणि सधन शेतकऱ्याने आपल्या मजुराच्या आजाराचा विचार करावा लागे. आरोग्य ही घरापुरती बाब न राहता गावाची बाब झाली.

काळाच्या ओघात वर्गणीचे रूप आणि सवलतींचे प्रमाण बदलत गेले. हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे की, जवारीच्या राशीतून रुग्णालयाचा सारा खर्च कधीच निघत नव्हता. संस्थेच्या खर्चाचा मोठा भाग केंद्र व राज्य शासन उचलते. गावाच्या निधीचा उपयोग मुख्यतः गावपातळीवरील सेवेसाठी होता. म्हणून 'सेवाग्रामने वर्गणीवर रुग्णालय चालविले' असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सेवाग्रामने दाखविले ते एवढेच, आणि तेही थोडे नाही, की गरीब माणूस फुकटच मागतो हा समज खोटा आहे. त्याच्या हाती पीक असते त्या दिवशी मागितले, त्याला झेपेल एवढे मागितले आणि बदल्यात काय मिळणार हे त्याला स्पष्ट सांगितले, तर तो देतो. आणि एकदा त्याने दिले की, डॉक्टर का आले नाहीत, औषध का संपले, हे विचारण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो.

महाराष्ट्राबाहेरही अशी उदाहरणे आहेत. डॉ. के. एस. संजीवी यांनी १९५८ साली मद्रासमध्ये स्थापन केलेल्या 'व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस' या संस्थेने कुटुंबाच्या उत्पन्नानुसार वार्षिक वर्गणीची योजना चालविली. कोलकात्यातील 'स्टुडंट्स हेल्थ होम' या संस्थेने विद्यार्थ्यांकडून नाममात्र वर्गणी घेऊन त्यांच्या उपचारांची सोय केली.

अमेरिकेतील नवी वाट

श्रीमंत अमेरिकेत हीच कल्पना गेल्या दोन-अडीच दशकांत एका निराळ्या कारणाने पुढे आली. तेथे प्रत्येक लहानसहान तपासणीचे बिल विमा कंपनीकडे जाते. त्या कागदपत्रांसाठी डॉक्टरांना वेगळे कर्मचारी नेमावे लागतात आणि खर्च भागविण्यासाठी दिवसाला खूप रुग्ण पाहावे लागतात. एकेका डॉक्टरच्या नावावर दोन हजारांच्या आसपास रुग्ण असतात. याला कंटाळून काही डॉक्टरांनी विमा कंपनीशी संबंधच तोडला आणि रुग्णाकडून थेट मासिक वर्गणी घेण्यास प्रारंभ केला. या पद्धतीला तेथे 'डायरेक्ट प्रायमरी केअर' म्हणतात. असा डॉक्टर सामान्यतः सहाशे-आठशे किंवा त्याहूनही कमी सभासद ठेवतो. भेटीसाठी अर्धा तास मिळतो, दूरध्वनीवर सल्ला मिळतो, साध्या चाचण्या आणि जखमेला टाके घालण्यासारखी कामे वर्गणीतच होतात. विशेषज्ञ, शस्त्रक्रिया व रुग्णालय यांचा खर्च मात्र तीत धरलेला नसतो. त्यासाठी वेगळा विमा लागतो. जानेवारी २०२६ पासून तेथील कायद्याने अशा वर्गणीला, ठरावीक मर्यादेत, करसवलतीच्या आरोग्य बचत खात्यातून पैसे देण्यास मुभा दिली आहे.

परंतु ही वाटही फुलांची नाही. सिएटल शहरात २००७ साली मोठ्या उमेदीने सुरू झालेली 'क्वालियन्स' ही या क्षेत्रातील अग्रणी संस्था दहा वर्षांनी, २०१७ साली, आर्थिक कारणांनी बंद पडली. टीकाकार आणखी एक प्रश्न विचारतात. दोन हजार रुग्ण पाहणारा डॉक्टर सहाशेच पाहू लागला, तर उरलेल्या चौदाशे लोकांनी कोठे जावे? ज्यांना वर्गणी परवडते त्यांना निवांत डॉक्टर आणि इतरांना लांब रांग, असे तर होणार नाही ना? हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

हिशेब

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एका वस्तीतील ५०० कुटुंबे एकत्र आली. प्रत्येक कुटुंबात सरासरी चार माणसे, म्हणजे २००० सभासद. कुटुंबामागे दरमहा ३०० रुपये वर्गणी धरली तर महिन्याला दीड लाख आणि वर्षाला १८ लाख रुपये जमतात. प्रत्येक माणूस वर्षातून सरासरी चार वेळा आला तर ८००० भेटी होतील. दवाखाना वर्षाचे ३०० दिवस उघडा राहिला तर दिवसाला सुमारे २७ भेटी. प्रत्येकाला पंधरा मिनिटे द्यावयाची तर डॉक्टरांचे पावणेसात तास लागतील. म्हणजे एका डॉक्टरचा पूर्ण दिवस भरला, आणि प्रत्येक भेटीमागे निधीत २२५ रुपये उपलब्ध झाले.

आता दुसरे चित्र पाहावे. ५०० ऐवजी १०० च कुटुंबे आली, आणि ज्यांच्या घरी वृद्ध वा आजारी माणसे आहेत तीच आली. माणसे ३००, परंतु प्रत्येक जण दर महिन्याला येणारा. वर्षाला ३६०० भेटी आणि निधी ३ लाख ६० हजार. म्हणजे एका भेटीमागे केवळ १०० रुपये. त्यातच डॉक्टर, परिचारिका, जागेचे भाडे, विजेचे बिल आणि औषधे. ही योजना सहा महिने चालेल आणि मग एखाद्या दात्याच्या दारी उभी राहील. वर्गणी तीच आहे, डॉक्टरही तेच आहेत. फरक केवळ किती जण आणि कोण सामील झाले याचा आहे. सेवाग्रामच्या तीन-चतुर्थांशाच्या अटीचे मर्म या दोन हिशेबांत स्पष्ट दिसते.

सभासदाने काय विचारावे

अशा कोणत्याही योजनेत नाव नोंदविण्यापूर्वी सुज्ञ गृहस्थाने काही प्रश्न अवश्य विचारावेत. वर्गणीत नेमके काय आहे, केवळ तपासणी की औषधे आणि चाचण्याही? रात्री-अपरात्री किंवा सुटीच्या दिवशी काय होईल? डॉक्टर बदलले तर जुन्या नोंदी कोणाकडे राहतील? एका डॉक्टरमागे किती सभासद घेतले जाणार? आणि सभासदत्व सोडावयाचे झाल्यास उरलेली रक्कम परत मिळेल काय? ही उत्तरे तोंडी न घेता कागदावर घ्यावीत.

दुसरी गोष्ट अशी की, ही वर्गणी म्हणजे रुग्णालयाचा विमा नव्हे. ज्याने विम्याची पॉलिसी घेतली आहे त्याने ती बंद करू नये आणि जो शासकीय योजनेस पात्र आहे त्याने आपले कार्ड काढून ठेवावे. प्राथमिक उपचार आणि मोठा आजार यांसाठी दोन निराळ्या छत्र्या लागतात. योजना चालविणाऱ्यांनीही 'रुग्णालयाचे बिल आम्ही भरू' असे वचन देण्याच्या मोहात पडू नये. विम्याचा व्यवसाय नोंदणीशिवाय करता येत नाही, आणि एका महागड्या शस्त्रक्रियेने साऱ्या सभासदांचा निधी वाहून जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट डॉक्टरांच्या मनाची. प्रत्येक भेटीला फी असते तेव्हा रुग्णाला पुनःपुन्हा बोलाविण्याचा, अनावश्यक चाचणी लिहिण्याचा मोह संभवतो. वर्गणी ठरावीक असते तेव्हा मोह उलट दिशेचा असतो: रुग्ण जितका कमी येईल तितके बरे. दोन्ही व्यवस्थांत मनुष्यस्वभाव तोच आहे. म्हणून सभासदांची एक छोटी समिती असावी. वर्षाच्या शेवटी तिने केवळ जमाखर्च पाहू नये. किती सभासदांचा रक्तदाब आटोक्यात आला, किती मधुमेहींचे पाय व डोळे तपासले गेले, किती जण वर्षात एकदाही फिरकले नाहीत, हे तिने विचारावे. जो आला नाही त्याच्या घरी जाऊन चौकशी करणे, हे सभासदत्वाच्या दवाखान्याचे खरे काम आहे. फीवर चालणारा दवाखाना आलेल्याला तपासतो. न आलेल्याचा शोध घेण्याचे कारण त्याला नसते.

चौथी गोष्ट कायद्याची. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्याच्या निकालात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. सर्वांनाच पूर्णतः विनामूल्य दिलेली सेवा मात्र त्याबाहेर ठेवली. वर्गणी घेतली की जबाबदारी वाढते. विश्वस्तांना ही गोष्ट अडचणीची वाटण्याचा संभव आहे. परंतु सभासदाच्या दृष्टीने पाहिले तर तेच या व्यवस्थेचे बळ आहे.

दान आणि वर्गणी

शेवटी एका नाजूक प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. जेथे पूर्वजांनी विनामूल्य औषध दिले, तेथे वर्गणी घेणे हा परंपरेचा भंग नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक संस्थेने आपल्या विवेकाने द्यावयाचे आहे. तरीही एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. मोफत दवाखान्याच्या ओट्यावर बसण्यास सर्वांत अधिक संकोच कोणाला वाटतो? ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटते परंतु तिसऱ्या खर्चाला पैसे नसतात, त्याला. धनिकाला त्या ओट्याची गरज नसते आणि अगदी निर्धनाला संकोच करण्याची मुभा नसते. मधला माणूस मात्र समाजाच्या नजरेला भिऊन आजार अंगावर काढतो. आरंभी उल्लेख केलेला मुनीम हा असाच मधला माणूस. त्याला दान नको आहे. त्याला अशी जागा हवी आहे, जेथे तो ताठ मानेने जाऊ शकेल.

वर्गणीमुळे दानाला अवकाश उरत नाही, असेही नाही. दात्याने रुग्णाच्या हातावर औषध ठेवण्याऐवजी दहा असमर्थ कुटुंबांची वर्गणी निधीत भरावी आणि कोणाची भरली हे कोणालाही कळू देऊ नये. सभासदांच्या यादीत सारी नावे सारखीच दिसावीत. कार्डाचा रंग सर्वांना एकच असावा. ज्याची वर्गणी दुसऱ्याने भरली आहे त्यालाही डॉक्टरसमोर तितकाच वेळ आणि समितीसमोर तक्रार करण्याचा तितकाच अधिकार असावा. असे औषधदान घेणाऱ्याला लहान करीत नाही आणि देणाऱ्यालाही अहंकारापासून दूर ठेवते.

पन्नास वर्षे हा संस्थेच्या आयुष्यातील मोठा टप्पा असतो. या काळात बांधलेल्या इमारती डोळ्यांना दिसतात, देणगीदारांच्या नावांच्या पाट्या दिसतात. परंतु जो पक्षाघात झालाच नाही, ज्या बालकाचा ताप वेळीच उतरला, ज्या मातेचा रक्तक्षय बाळंतपणापूर्वी भरून निघाला, त्यांची पाटी कोठेच लागत नाही. सेवाग्रामच्या परिसरातील शेतकऱ्याने खळ्यावरून जवारी मोजून दिली, तेव्हा तो बहुधा निरोगी होता आणि वर्षभर निरोगी राहावे एवढीच त्याची इच्छा होती. त्याने दिलेले धान्य त्या वर्षी शेजाऱ्याच्या कामी आले असेल. पुढच्या वर्षी शेजाऱ्याचे धान्य त्याच्या कामी आले असेल. आपल्या मोहल्ल्यातील पाचशे कुटुंबे असा व्यवहार करू शकतील काय, एवढा एकच प्रश्न या सभागृहासमोर ठेवून हे विवेचन येथे पूर्ण होते.